पेटीतली आजी

सान बर्नाबे, आतित्लान सरोवर,
ग्वाटेमाला
३ नोव्हेंबर १९७४

ती. गिरिधरदादास,
शामलाचा सा. नमस्कार.

पोचले रे बाबा एकदाची. राजधानीहून बस, बसमध्ये माणसांइतक्याच कोंबड्या, आणि शेवटी लाँच. आपले अंबाझरी आणि फुटाळा तलाव एकात ओतले, असे शंभर ओतले, तरी ह्या सरोवराचा कोपरा भरणार नाही. काठावर तीन ज्वालामुखी उभे आहेत. हे अख्खं सरोवरच एका जुन्या ज्वालामुखीच्या पोटात साचलेलं आहे, असं लाँचवाल्याने सांगितलं. सकाळी पाणी स्तब्ध असतं. दुपारनंतर वारा सुटतो आणि मग सगळ्या होड्या काठाला.

गाव सगळं माया लोकांचं. स्पॅनिश निम्म्यांनाच येते, तीही माझ्यासारखीच मोडकी, त्यामुळे आमचं जमतं. मी जिच्या घरी राहते ती कान्देलारिया पन्नाशीची आहे. नवरा निकोलास, आणि निकोलासची म्हातारी आई, जिची दृष्टी गेलेली आहे. सकाळी मक्याची भाकर थापण्याचा आवाज घराघरातून येतो. डोळे मिटून पडलं की वाटतं, काटोलला आईच्या स्वयंपाकघरात आहोत.

इथला माग कमरेला बांधतात. एक टोक परसातल्या झाडाला, दुसरं विणणारीच्या कमरेला. ती मागे रेलली की ताणा, म्हणजे उभे धागे, ताठ होतो. सहा वर्षं कॉलेजात पोरींना वस्त्रशास्त्र शिकवलं, पण पहिल्या दिवशी माझा माग बघून गल्लीतल्या सगळ्या बायका जमल्या आणि पोट धरधरून हसल्या.

गावच्या संताची मूर्ती दरवर्षी एकेका घरी राहते. यंदा ती ह्यांच्याकडे आहे. मूर्तीजवळ एक जुनी लाकडी पेटी आहे. तिच्यात काय आहे विचारलं, तर कान्देलारिया म्हणाली, "आजी." पुढे विचारायचा धीर झाला नाही.

दादा, तू तीन दिवस नानाजींसमोर बसून त्यांना राजी केलं नसतंस, तर मी आज नागपूरच्या त्याच वर्गात त्याच फळ्यापुढे असते. माझे वडील, पण त्यांनी ऐकलं ते तुझं. हे विसरणार नाही.

वहिनींना नमस्कार.
तुझी,
शामला


नंदनवन, नागपूर
१ डिसेंबर १९७४

चि. शामला,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि चौथ्यांदा गोपिकेला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तिथल्या बायाही भाकर थापतेत, तं मंग इतक्या दूर काहून गेल्या शामलाबाई?" मी म्हटलं, हे तूच लिहून विचार.

इथे सगळं जसंच्या तसं. कोराडीच्या नव्या वीजकेंद्राच्या एवढ्या गप्पा, आणि आमच्या संग्रहालयातला पंखा मात्र बंदच. सध्या एक अमेरिकन पाहुणे येतात, व्हिटलॉक नावाचे. छिंदवाडा, बस्तर असे फिरून जुनी वस्त्रं बघतात. दोनदा घरी चहाला आले. गोपिकेच्या हातचा तर्री-पोहा खाऊन डोळ्यांतून पाणी काढलं, तरी पुन्हा मागितला. मोठा जाणकार माणूस. तुझा विषय निघाला तेव्हा फार कौतुकाने ऐकत होते.

आता तुझ्या त्या पेटीबद्दल. अभ्यासाला गेलेल्याने लाजून कसं चालेल? आत वस्त्र असणार, आणि जुनं असणार. बघ, आणि मला बारीकसारीक सगळं लिही. कुठे ठेवतात, कोण उघडतं, कधी उघडतं. चौदा वर्षं मी दुसऱ्यांनी आणलेल्या नाण्यांवरची धूळ पुसतो आहे. तुझ्या डोळ्यांनी तरी काही पाहू दे.

तब्येत सांभाळ.
तुझा,
गिरिधरदादा


सान बर्नाबे
१२ जानेवारी १९७५

ती. दादास,
सा. नमस्कार.

पाहिलं! काल कान्देलारियाने स्वतः मला बोलावलं. म्हातारी सासू आधीच पेटीपाशी बसली होती. पेटी उघडली, वरची दोन साधी कापडं बाजूला केली, आणि खाली ती. आजी म्हणजे एक वस्त्र आहे, दादा. गावातली पहिली विणकरीण होती, तिने आपल्या हातांनी विणलेलं, असं ही माणसं मानतात. तपकिरी कापसावर जांभळे, दोन डोक्यांचे पक्षी आणि काठाला बदकाची पिसं पिळून घातलेला धागा. हा धागा मी पुस्तकात वाचला होता, बघेन असं वाटलं नव्हतं. म्हातारीने त्यावरून हात फिरवला आणि एकेका पक्ष्याचं नाव घेतलं. वर्षातून एकदा, ईस्टरच्या आधीच्या सोमवारी, बायका ते सरोवरात धुतात. एरवी बाहेर काढत नाहीत.

मी वहीला हात घातला, तर कान्देलारियाने माझा हात धरला. "चित्र काढायचं नाही आणि कोणाला सांगायचं नाही." मी वही बंद केली. मग तिनेच विचारलं, "तुझं असं कोणी आहे का, ज्याला तू सगळं सांगतेस?"
मी म्हटलं, "भाऊ आहे."
ती थोडा विचार करून म्हणाली, "भाऊ घरातलाच. त्याला सांग. आणखी कोणाला नाही."

म्हणून फक्त तुला लिहिते. पेटीची किल्ली चुलीमागे मक्याच्या बियाण्याच्या मडक्यात असते. मला हसू आलं, आपल्या घरी नाही का आई कपाटाची किल्ली तांदळात ठेवायची. शुक्रवारी सगळं गाव होड्यांनी सोलोलाच्या बाजाराला जातं, तेव्हा घरात म्हातारी एकटी असते. ती पेटीवर हात ठेवून बसून राहते.

घराचा नकाशा सोबत काढला आहे, म्हणजे तुला मी कुठे बसते, कुठे विणते ते दिसेल. हे पत्र कोणाला दाखवू नकोस.

तुझी,
शामला


नंदनवन
१४ फेब्रुवारी १९७५

चि. शामला,
आशीर्वाद.

पत्र पोचलं. वाचून कपाटात कुलूप लावून ठेवलं. काळजी नसावी. तू किती मोठी झालीस, असं वाटलं.

एक आनंदाची बातमी. मला सहा महिन्यांसाठी परदेशी संग्रहालयं बघायला जाण्याचं बोलावणं येण्याची शक्यता आहे. नक्की झालं की सविस्तर लिहितो. आता घाईत आहे.

तुझा,
दादा


सान बर्नाबे
२ एप्रिल १९७५

ती. दादास,

आजी गेली. चोरीला गेली.

क्रमाने सांगते. १४ मार्चच्या शुक्रवारी आम्ही सगळे बाजाराला गेलो होतो. परत आलो तर म्हातारी खुशीत होती. म्हणाली, "तुझ्या भावाचा मित्र येऊन गेला. किती हळू बोलतो! तुझं नाव घेतलं, कान्देलारियाचं घेतलं. मला अंगणात उन्हात बसवलं, आणि पाणी पितो म्हणून आत गेला." बिस्किटांचा एक मोठा डबा ठेवून गेला होता. मला वाटलं, तूच कोणाला तरी पाठवलं असशील, भेट चुकली. हळहळले. ती बिस्किटं मी स्वतः घरोघरी वाटली.

२४ तारखेला बायका धुण्यासाठी जमल्या. निकोलासने पेटी उघडली. वरची दोन कापडं जागेवर होती. खाली त्याच मापाची घडी घातलेलं गिरणीचं तपकिरी कापड. म्हातारीने हात लावला आणि काढून घेतला, चटका बसल्यासारखा. "ही ती नाही."

संताच्या सेवेतली बारा माणसं बसली. मला मध्ये उभं केलं. "तू कोणाला सांगितलं?" मी म्हटलं, "माझ्या भावाला. दुसऱ्या कोणालाही नाही." कान्देलारिया खाली बघत होती. आपणच परवानगी दिली, हे ती बोलली नाही, आणि मीही बोलले नाही.

संत दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरी नेले. वर्ष पुरं व्हायच्या आत संत घरातून जाणं म्हणजे काय, हे मला निकोलासच्या तोंडाकडे बघून कळलं. तो आता पहाटे सगळ्यांच्या आधी होडी काढतो, कोणी भेटू नये म्हणून.

दादा, त्या माणसाने तुझं नाव घेतलं. तो कोण? माझं पत्र कोणी वाचलं का? संग्रहालयात कोणाच्या हाती पडलं का? मला रागवायचं नाहीये, फक्त खरं सांग. मी इथे रोज ह्यांच्यासमोर जेवायला बसते.

शामला


नंदनवन
२६ एप्रिल १९७५

चि. शामला,
आशीर्वाद.

वाचून फार वाईट वाटलं. पण मला विचारतेस ह्याचं जास्त वाईट वाटलं. तुझं पत्र कपाटातून हललेलं नाही. हजारो मैलांवरून पत्रं येतात, मध्ये किती पोस्टं, कोणी उघडली असतील कोण जाणे. त्या गावातल्याच कोणीतरी सांगितलं नसेल कशावरून?

आणि खरं सांगू? पेटीत राहून त्या वस्त्राला कसरच लागली असती. कुठे काचेआड असेल तर निदान टिकेल. तू मनाला लावून घेऊ नकोस. काम आवर आणि परत ये. नानाजी वाट बघत आहेत.

तुझा,
गिरिधरदादा


नंदनवन
१० मे १९७५

शामलाबाईले,
गोपिकाचा नमस्कार.

मी कधी पत्र लिहित नाई, सातवीतच शाळा सुटली, हे तुमाले ठाऊक आहे. चुकलं तं सांभाळून घ्या.

तुमचं ते जानेवारीतलं पत्र आलं तवा तो गोरा साहेब घरीच होता. याईनं, तुमच्या दादानं, पत्र फोडलं अन् तिथंच टेबलावर त्याले इंग्रजीत वाचून दाखवलं. पूरं. मी चहा ठेवून राहिली होती. मले वाटलं, आपल्या ननंदेची तारीफ चालू आहे. मी बी हासली. नकाशा साहेबानं आपल्या वहीत उतरवून घेतला. मी त्याच्या वहीजवळून कप उचलला, शामलाबाई. मले समजलं नाई.

तुमचं चोरीचं पत्र आलं तवा याईनं ते मले वाचून दाखवलं नाई. पयल्यांदाच. म्हनून मी ते काढून वाचलं. मंग मी विचारलं, "त्या साहेबानंच नेलं न?" हे म्हनले, "तुले काय समजते त्यातलं?" दोन दिवस बोलले नाई.

परवा त्या साहेबाचा लिफाफा आला. त्यात विमानाच्या तिकिटाचा कागद अन् एक रंगीत फोटो. तपकिरी कापड, जांभळे पक्षी, दोन-दोन डोक्याचे. तुमच्या पत्रात होते तसेच. पाठीमागं इंग्रजीत काही लिवलं आहे, ते मले वाचता येत नाई. फोटो मी कपाटातून घेतला अन् या पत्रात टाकून राहिली. याईले समजल्यावर काय होईल ते होईल.

तुमी रडू नका. मी रडून घेतलं.

तुमची,
गोपिका


सान बर्नाबे
१८ जून १९७५

श्री. गिरिधरराव चरडे यांस,

फोटो माझ्याकडे आहे. मागे लिहिलं आहे, "गिरिधर यांना, ज्यांच्या पत्राशिवाय हे मला कधीच सापडलं नसतं." खाली सही आणि तारीख. तुमचं पत्र नव्हतं ते. माझं होतं.

फोटो आला त्याच दिवशी मी तो कान्देलारियाला दाखवला आणि सगळं सांगितलं. तिने विचारलं, "हा तुझा सख्खा भाऊ?" मी म्हटलं, "मामाचा मुलगा. पण आमच्याच घरात वाढला, एका ताटात जेवलो." तिने फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला. म्हणाली, "सासूला फोटो हातात देऊ नकोस. तिला गुळगुळीत कागद लागेल."

बारा माणसांसमोर मी पुन्हा उभी राहिले आणि तुमचं नाव घेतलं. त्यांच्यातला एक म्हणाला, "निदान नाव घेतलं." बस, एवढंच.

आता तुमच्याकडून एक हवं आहे. पत्र तुम्ही वाचून दाखवलं, नकाशा त्याने उतरवून घेतला, आणि वस्त्र त्याच्याकडे आहे, हे सहीनिशी लिहून पाठवा. इथलं सरकार त्या कागदावर ते परत मागू शकतं. १ सप्टेंबरला राजधानीहून पुराणवस्तू खात्याचे अधिकारी जबाब घ्यायला येणार आहेत. मी आणखी काही मागत नाही.

शामला


नंदनवन
१६ जुलै १९७५

चि. शामला,

श्री. काय, गिरिधरराव काय! लिही, तुला हक्क आहे.

होय, वाचून दाखवलं. चोरी करेल असं वाटलं नव्हतं, निदान तसं मी स्वतःला सांगितलं. मला वाटलं, तो जाऊन बघेल, मागेल, ते देतील किंवा नाही देणार. मग फोटो आला तेव्हा सगळं कळलं, आणि त्याच लिफाफ्यात माझं तिकीट होतं.

तू नाही समजणार. तुझ्या अर्जाचं इंग्रजी मी सुधारलं. नानाजींना मी समजावलं. स्टेशनवर तुझी ट्रंक मी डब्यात चढवली, आणि सायकलवर बसून परत त्याच नाण्यांकडे गेलो. तुझी पत्रं आली की मला आनंद व्हायचा आणि संताप यायचा, दोन्ही एकदम. मी आयुष्यात इटारसीच्या पुढे गेलेलो नाही, शामला. एकदाच कोणीतरी माझं ऐकत होतं, आणि माझ्याजवळ सांगण्यासारखं जे होतं ते तुझं होतं.

लिहून देणार नाही. नोकरी जाईल, दौरा जाईल, नाव जाईल. एका कापडासाठी एवढं मागू नकोस. सप्टेंबरच्या दहा तारखेला मी निघतो आहे.

गिरिधर


सान बर्नाबे
३१ जुलै १९७५

ती. गोपिकावहिनींस,
सा. नमस्कार.

दादाने लिहून द्यायला नकार दिला. आता माझ्याकडे फोटो आहे, त्याच्यामागची ओळ आहे, आणि दादाचं १६ जुलैचं पत्र आहे. १ सप्टेंबरला हे सगळं अधिकाऱ्यांना देता येईल. पण त्यानंतर त्याची नोकरी राहणार नाही, आणि त्याचं घर म्हणजे तुमचं घर. तुम्ही फोटो पाठवला नसता तर मला काहीच कळलं नसतं. तुम्हाला न विचारता मी तुमच्या चुलीवर पाणी ओतणार नाही.

तुम्ही नको म्हणालात तर देणार नाही. तार करा. तार आली नाही तर देईन.

तुमची,
शामला


तार
नागपूर, २६ ऑगस्ट १९७५

कागद देऊ नका. माझा संसार मोडेल. विनंती. गोपिका.


सान बर्नाबे
२ सप्टेंबर १९७५

ती. वहिनींस,
सा. नमस्कार.

तार मिळाली. कागद दिले नाहीत. अधिकारी माझ्यासमोर वही उघडून बसले, आणि मी म्हटलं, माझ्याकडे दाखवण्यासारखं काही नाही. कान्देलारिया शेजारी उभी होती. तिला फोटो माझ्या ट्रंकेत आहे हे माहीत होतं. ती चुलीकडे निघून गेली. त्या दिवसापासून ती मला जेवायला वाढते आणि बाहेर जाऊन बसते.

तुमच्यावर राग नाही. तुम्ही संसार मागितला, मी दिला.

शामला


नंदनवन
२५ सप्टेंबर १९७५

शामलाबाईले,
नमस्कार.

कोनती तार? मी तार केलीच नाई!

मी जुलैच्या सुरवातीपासूनच माहेरी होती. फोटोवरून आमचं भांडन झालं अन् मी निंघून गेली. तुमाले कळवलं नाई, हे माझं चुकलं. हे दहा तारखेला विमानानं गेले. घर बंद राहील म्हनून मी काल परत आली. टेबलाच्या खनात तुमचं ३१ जुलैचं पत्र सापडलं, माझ्या नावाचं, फोडलेलं. त्याच्याखाली तारघराची पावती. आज सकाळी पोस्टमननं तुमचं दुसरं पत्र हातात देलं.

माझं नाव वापरलं याईनं. बारा वर्स भाकर करून घातली, त्या मानसानं माझ्या नावानं तुमाले हात जोडले.

माझा संसार मोडेल असं मले कोनी विचारलं असतं तं मी म्हनली असती, मोडला तं मोडला. आता मी लिहून देते. शेजारच्या मास्तरीनबाईले दाखवलं, तं त्या म्हनल्या, साक्षीदार लागते. त्याईनं सही केली. तारघराची पावती बी लावली. रजिस्टर करून पाठवून राहिली.

"मी, गोपिका गिरिधर चरडे, राहनार नंदनवन, नागपूर, लिहून देते की, फेब्रुवारी १९७५ मंदी माझ्या घरी, माझ्या समोर, माझ्या नवऱ्यानं माझी ननंद शामला हिचं खाजगी पत्र व्हिटलॉक नावाच्या साहेबाले पूरं वाचून दाखवलं. साहेबानं घराचा नकाशा उतरवून घेतला. मंग त्याच साहेबानं त्या कापडाचा फोटो माझ्या नवऱ्याले पाठवला. दिनांक २६ ऑगस्टची तार मी केलेली नाई. हे मी कोनाच्या सांगन्यावरून लिवलं नाई. माझ्या डोयानं पाह्यलं ते लिवलं आहे."

तुमची,
गोपिका


सान बर्नाबे
९ नोव्हेंबर १९७५

ती. गोपिकावहिनींस,
सा. नमस्कार.

तुमचं रजिस्टर मिळालं. राजधानीला जाऊन तुमचा कागद, फोटो आणि दादाचं पत्र देऊन आले. त्यांनी शिक्का मारून घेतलं. एक प्रत अमेरिकेला जाईल, एक नागपूरला, दादाचं संग्रहालय चालवणाऱ्या ट्रस्टला. वस्त्र परत येईलच असं कोणी म्हणालं नाही. आजपर्यंत आलेलं नाही.

निघायच्या आधी तुमचा कागद मी कान्देलारियाला दाखवला. तार खोटी होती, हे सांगितलं. ती म्हणाली, "वाच." मी स्पॅनिशमध्ये सांगायला लागले, तर तिने मान हलवली. "तिने लिहिलं आहे तसं वाच." म्हणून मी तुमच्या शब्दांत वाचलं, आपल्या बोलीत, पहिल्यापासून. निकोलास दारात उभा होता. म्हातारी कान माझ्याकडे करून बसली होती. एक शब्द कोणाला कळत नव्हता. तुमच्या नावापाशी म्हातारीने मला थांबवलं आणि ते पुन्हा म्हणायला लावलं. मग स्वतः म्हणून बघितलं. गोपिका. दुसऱ्या वेळी तिला नीट जमलं.

त्या दिवशी कान्देलारिया माझ्यासोबत जेवायला बसली.

मी डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात नागपूरला येते आहे. नानाजींना मी स्वतः सांगेन, तुम्ही काही बोलू नका. दादा परत येईल तेव्हा त्याला माझा पत्ता देऊ नका.

तुमची,
शामला